पितृस्थानी चार घास

श्रीकांतरावांनी माझ्या पानात तिसरा वडा वाढला, तेव्हा पहिल्या वड्याचा पहिला तुकडा अजून माझ्या तोंडातच होता. चावून चावून त्याचं पीठ झालं होतं, पिठाचं पाणी व्हायच्या बेतात होतं, तरी गिळायचं धाडस होत नव्हतं. मी पानावर हात आडवा धरला. श्रीकांतराव म्हणाले, "गुरुजी, संकोच नको," आणि माझ्या बोटांच्या फटीतून चौथा वडा पानात सोडला.

दोष त्यांचा नव्हता. गेली वीस वर्षं मी पानावर हात आडवा धरत आलो होतो, तो बोटं फाकवूनच. वडा नेमका आत पडेल एवढी फट ठेवायची आणि चेहऱ्यावर मात्र 'अहो, कशाला' असा भाव आणायचा, ही कला मिरजेत माझ्याइतकी कुणाला साधली नव्हती. आता खरोखरच नको होतं, तर फट मिटवायचं हाताला सुचलं नाही.

तोंडानं सांगायची सोय नव्हती. श्राद्धाला बसलेल्या ब्राह्मणानं मौन धरून जेवायचं असतं. अन्न चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, पुरे म्हणायचं नाही. जेवण संपलं की यजमान विचारतो, तृप्त झालात का? तेव्हा तोंड उघडायचं, आणि त्याचं उत्तरही आधीच ठरलेलं असतं.

ही बारा वर्षांपूर्वीच्या पितृपक्षातली गोष्ट. ब्राह्मणपुरीत उमराण्यांच्या घरी रामराव उमराण्यांचं श्राद्ध होतं. आम्ही दोघे ब्राह्मण. देवांच्या जागी दत्तंभट सोहोनी, जे मंत्रही सांगत होते, आणि पितरांच्या जागी मी, नरहर टेंबे. पितृस्थानी बसलेला माणूस त्या तासापुरता स्वतः उरत नाही. त्या दिवशी मी रामराव होतो. मी जेवलो तर रामराव जेवले, मी उपाशी उठलो तर रामराव उपाशी गेले. असा साधा हिशेब होता, आणि माझा पूर्वीचा देह पाहता तो कुणालाच अवघड वाटत नसे. लोकांचे तीन पिढ्यांचे पितर माझ्यात ऐसपैस मावत होते.

मग उमराण्यांकडच्या श्राद्धाच्या आठेक महिने आधी कुपवाडला एका श्राद्धात मला पाटावरून उठता येईना. यजमान, त्याचा भाऊ आणि शेजारचा एक पैलवान अशा तिघांनी काखेत हात घालून मला उभं केलं. यजमानाची बायको पदर तोंडाला लावून जावेला म्हणाली, "मामंजी जिवंतपणीसुद्धा असेच उठायचे नाहीत बाई." मी ते ऐकलं. गुडघे गेले होते, साखर वाढली होती, रात्री घोरताना मधेच श्वास थांबायचा. मेहुण्यानं मला पुण्याला नेलं आणि तिथल्या डॉक्टरांनी माझ्या जठराचा मोठा भाग कापून काढला. आधी भोपळा होता, तिथं केळं उरलं.

हे मी मिरजेत कुणालाही सांगितलं नाही. कारण दत्तंभट. श्राद्धाच्या बाबतीत आमच्याकडे त्यांचा शब्द शेवटचा, आणि त्यांचा शब्द असा की पितृस्थानी ब्राह्मण अव्यंग हवा. स्वतःच्या सख्ख्या चुलतभावाची करंगळी पिठाच्या गिरणीत गेली, तर त्यांनी त्याला भर पंगतीत पाटावरून उठवलं होतं. करंगळीची ही गत, तर जठराची काय होणार? पितृस्थान गेलं की पितृपक्ष गेला, आणि पितृपक्षातच घरोघरचे यजमान वर्षभराच्या पूजा, मुंजी, वास्तुशांत ठरवतात. तो पाट सुटला की माझी सगळी भिक्षुकीच सुटली. म्हणून मी सांगितलं की नरसोबाच्या वाडीला अनुष्ठानाला बसलो होतो.

लोकांना ते इतकं पटलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. महिन्यामहिन्याला मी वाळत गेलो आणि लोक मला जास्तच वाकून नमस्कार करू लागले. गालांची कातडी लोंबली, तर म्हणाले वैराग्य आलं. केस गळून शेंडी उंदराच्या शेपटीएवढी राहिली, तर म्हणाले तपानं डोकं तापतं, केस टिकायचे कसे. स्वतः दत्तंभटांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "नरू, कुठलं पुरश्चरण केलंस? मलाही सांग. माझं पित्त जाईना."

खरं सांगायचं तर जगणं सुधारलं होतं. मांडी घालून बसता येत होतं. सोवळ्याचा काष्टा बायकोच्या मदतीशिवाय घालता येत होता. स्वतःचे पाय मला कित्येक वर्षांनी दिसले आणि ते वडिलांच्या पायांसारखे आहेत हे तेव्हा कळलं. पुण्याच्या दवाखान्यातून एक गोड आवाजाची मुलगी मधूनमधून फोन करायची. झोप, चालणं, साखर, सगळं विचारून झालं की शेवटी म्हणायची, "काका, आता जगणं कसं वाटतंय? दहापैकी किती?" मी नऊ म्हणायचो. दहा म्हटलं असतं, तर तिला खोटं वाटलं असतं.

तर त्या दिवशी माझ्या पानात चार वडे होते, दोन लाडू होते, भोपळ्याचे घारगे होते, अळूची भाजी, गवार, कारलं, आमसुलाची चटणी, कढी आणि द्रोण भरून खीर होती. शेजारी दत्तंभट जेवत होते. अंगानं उदबत्तीची काडी, पण पान साफ करायचा वेग असा की वाढणाऱ्याची कंबर मोडावी. देवानं जठरं वाटताना आमच्या दोघांची अदलाबदल केली असावी, असं मला पूर्वीपासून वाटायचं.

श्रीकांतरावांची रक्त तपासायची लॅब होती. मिरजेत दर चौथ्या घरात डॉक्टर, आणि दर चौथ्या डॉक्टरची चिठ्ठी यांच्याकडे. माणूस सज्जन, नेमका, घड्याळासारखा. आम्ही आलो, तेव्हाच त्यांनी अभिमानानं सांगितलं होतं, "माईचं जेवण उरकलंय. तिची बाराची वेळ मी चुकवत नाही." माई म्हणजे त्यांच्या आई, रामरावांच्या पत्नी. ब्राह्मणांच्या आधी घरातलं कुणी जेवलं हे ऐकून दत्तंभटांच्या कपाळाला आठी पडली होती. माई आतल्या दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या, हातात जपमाळ होती आणि मणी काही सरकत नव्हता. त्या माझ्या पानाकडे बघत होत्या.

"गुरुजी, खीर," श्रीकांतराव पाटाशी गुडघे टेकून बसले. "बाबांचा जीव होता खिरीवर. ती तरी घ्या."

आमच्यासारख्यांना गोड म्हणजे विस्तव. पुण्याच्या डॉक्टरांनी ते चार वेळा बजावलं होतं. पण दत्तंभटांनी माझ्याकडे बघून "हुं" केलं. मौनातलं त्यांचं 'हुं' मी ओळखत होतो. त्याचा अर्थ, यजमानाचा मान राख. मी खिरीचा एक घास घेतला. मग दुसरा. श्रीकांतरावांचा चेहरा इतका फुलला की मी तिसराही घेतला.

चवीला ती काय होती ते मी आजही सांगू शकतो. सात महिन्यांत मी जिभेवर तसं काही ठेवलं नव्हतं. वेलदोडा, आटवलेलं दूध, तांदळाची कणी. डोळ्यांत पाणी आलं. आणि मग जे व्हायचं ते झालं. आधी छाती धडधडू लागली. कानशिलांवरून घाम निथळला, तो डाव्या हातानं पुसला. समोरचं पान एकदा वर गेलं आणि खाली आलं. मी डोळे मिटले, आणि हातानं पान जरासं पुढे लोटलं. हे लोटणं मात्र मी ठरवून केलं नव्हतं.

डोळे उघडले, तर श्रीकांतराव पांढरे फटक पडले होते.

"बाबा," ते म्हणाले.

दत्तंभटांच्या हातातला वडा हवेतच राहिला.

"बाबा, असंच केलंत तुम्ही. शेवटच्या दिवशी असाच घाम होता आणि असंच ताट लोटलंत." त्यांचा आवाज चिरकला. "अजून राग आहे ना तुमचा?"

श्रीकांतरावांच्या पत्नी मेधाताई कढीचं पातेलं घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. "अहो, असं काय करता? गुरुजी आहेत ते," त्या म्हणाल्या.

"आत्ता गुरुजी नाहीत," श्रीकांतराव म्हणाले, आणि शास्त्राप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. ते माझ्याकडे वळले. "तुमची साखर मी एक दिवस वर जाऊ दिली नाही. दिवसातून चारदा तपासली. डॉक्टर म्हणायचे, असा मुलगा बघितला नाही. तुम्हाला मोह नको म्हणून बारा वाजता तुम्हाला तुमच्या खोलीत वाढायचो, दार लावून घ्यायचो, आणि आम्ही सगळे एक वाजता जेवायचो. वास जाऊ नये म्हणून मेधा पंखा लावायची. सात वर्षं. आणि त्या दिवाळीला तुम्ही दार उघडून बाहेर आलात आणि म्हणालात, मला काही नको रे, मी नुसता इथं बसतो. मी तुम्हाला हाताला धरून परत आत नेलं."

एवढा मोठा माणूस माझ्या पानाशी लहान मुलासारखा रडू लागला. "आता खा ना. आता कुणी मोजत नाही. खा, बाबा."

मला त्या क्षणी बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. 'अहो श्रीकांतराव, हे तुमचे वडील नव्हेत, हे माझं जठर आहे. पुण्याला कापलंय.' दोन वाक्यांत त्या माणसाच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. दत्तंभट माझ्याकडे रोखून बघत होते. दोन वाक्यं बोललो की ते मला पाटावरून उठवणार हे नक्की होतं. पण समोरचं रडणं ऐकवत नव्हतं. चुलीत गेलं ते पितृस्थान, असं मनाशी म्हणून मी तोंड उघडलं.

"गुरुजी," दारातून माईंचा आवाज आला. बारीक, पण धार असलेला. "मौन आहे ना तुमचं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी जपमाळेचा हात किंचित हलवला. गप्प राहा.

"मग मोडू नका," त्या म्हणाल्या. "सत्तर वर्षं श्राद्धं बघतेय मी. मौन मोडलं की सगळं फुकट जातं. काय हो दत्तंभट?"

"हुं," दत्तंभट म्हणाले. मौनाच्या बाजूनं कुणी बोललं की ते नेहमीच सहमत असत.

मी तोंड मिटलं. श्रीकांतरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. दत्तंभटांनी खूण केली तसे त्यांनी हात जोडले आणि सांगितल्याप्रमाणे विचारलं, "तृप्ताः स्थ?" तृप्त झालात का?

वीस वर्षं मी या प्रश्नाला ढेकर आवरत उत्तर देत आलो होतो, आणि उत्तर देताना नजर उरलेल्या लाडवांवर असायची. त्या दिवशी चार घासांत पोट गळ्यापर्यंत भरलं होतं. नजर मात्र कुठं ठेवावी ते कळेना.

"तृप्ताः स्मः," मी म्हटलं. झालो तृप्त.

पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. उरलेल्या अन्नाचं काय करू? आणि उत्तर, 'इष्टैः सह भुज्यताम्.' दत्तंभट ही दोन वाक्यं एका दमात स्वतःच म्हणून टाकायचे, कारण तोवर त्यांना विड्याची तलफ आलेली असायची. तशीच त्यांनी ती म्हटली.

"म्हणजे काय?" श्रीकांतरावांनी विचारलं.

दत्तंभट दचकले. त्यांना मंत्राचा अर्थ आजवर कुणी विचारला नव्हता. "म्हणजे... ते उत्तर असतं," ते म्हणाले.

"काय असतं?"

मौन आता सुटलं होतं. "तुम्ही विचारलंत, उरलेल्या अन्नाचं काय करू," मी म्हटलं. "पितर सांगतात, आपल्या माणसांबरोबर बसून जेवा."

श्रीकांतराव उठले. जेवणाच्या खोलीत गेले, तिथून एक पाट आणला, तो परत ठेवून आले आणि खुर्ची आणली, कारण माईंना खाली बसता येत नव्हतं. खुर्चीपुढे स्टूल ठेवलं. स्टुलावर पान मांडलं. "माई, चल," ते म्हणाले. "आमच्याबरोबर."

"माझं झालंय रे बाराला," माई म्हणाल्या.

"बाबा म्हणताहेत."

"मग काय, यायलाच हवं," माई म्हणाल्या आणि खुर्चीवरून उठल्या. श्रीकांतरावांनी त्यांच्या पानात अर्धा वडा वाढला, विचार केला, उरलेला अर्धाही वाढला. खिरीचे दोन चमचे घातले. मग राहवलं नाही म्हणून म्हणाले, "संध्याकाळी फक्त एकदा साखर बघू हं."

"बघ की," माई म्हणाल्या. "तुझा धंदाच आहे."

आम्ही दक्षिणा घेऊन मागच्या अंगणात हातपाय धुवायला गेलो. दत्तंभट विडा लावत पुढच्या ओसरीवर गेले. आतून भांड्यांचे, माणसांचे, एकमेकांना वाढण्याचे आवाज येत होते. मी नळाशी वाकून तोंडावर पाणी मारत होतो. मागून काठीचा आवाज आला. माई होत्या. त्यांचं जेवण दहा मिनिटांतच झालं होतं.

"पोटाचं ऑपरेशन ना?" त्यांनी विचारलं.

मी चेहरा पुसायचं विसरलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, पितर घाम पुसत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि माझी भाची सोलापुरात आहे, तिचंही झालंय. ती असंच चावते. गाय परवडली."

"मग मला बोलू का दिलं नाहीत? श्रीकांतराव उगीच मनाला लावून घेताहेत. रामराव रागावलेत, असं वाटतंय त्यांना."

"वाटू दे." माई नळाच्या कट्ट्याला टेकल्या. "हे जिवंतपणी कधी रागावले नाहीत. तेवढंच चुकलं त्यांचं. दार लावून घेतलं तरी रागावले नाहीत. पोरगं प्रेमानं करतंय, म्हणायचे. हे गेल्यावर तीच खोली मला दिली, तेच दार, तीच बाराची वेळ. चार वर्षं झाली. मी पण म्हटलं, प्रेमानं करतंय." त्यांनी पदराच्या टोकानं ओठाला लागलेली खीर टिपली. "आज पहिल्यांदा बाप रागावला, तर मला पंगत मिळाली. आणि तुम्ही निघाला होतात तो राग पुसायला."

मला हसू आलं, आणि हसताना लाजही वाटली. "म्हणजे कुणाला सांगणार नाही तुम्ही?"

"मी कशाला सांगू? उलट पुढच्या वर्षी तुम्हीच या. आणि एवढंच खा. चांगलं दोन्ही हातांनी जेवलात, तर याला वाटेल बाबांचा राग गेला, आणि मी परत त्या खोलीत." मग त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुमचं बरं आहे पण आता. हलके झालात. घरी कुणाबरोबर जेवता?"

असं मला पुण्याच्या त्या मुलीनं कधी विचारलं नव्हतं.

"एकटाच," मी म्हटलं. "मला वाटीभर जेवायला पाऊण तास लागतो. शैला, माझी बायको, समोर बसून जेवायला लागली की वास सहन होत नाही. भूक नसते, पण... एकदा तिच्यावर ओरडलो. तेव्हापासून ती मी बाहेर गेल्यावर जेवते. मी आलो की ताट झाकून आत नेते."

आत श्रीकांतराव मोठ्यानं हसले, बहुतेक मेधाताई काहीतरी म्हणाल्या असाव्यात. बऱ्याच वर्षांनी त्या घरात कुणी जेवताना हसत असावं, कारण माईंनी मान वळवून आत पाहिलं.

"आणि मगाशी काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "श्रीकांतनं विचारलं तेव्हा?"

"तृप्ताः स्मः."

"म्हणजे?"

"तृप्त झालो."

"झालात?"

"माई," मी म्हटलं, "ते उत्तर ठरलेलं असतं."

"हो, ठाऊक आहे मला," माई म्हणाल्या आणि आत जायला वळल्या. "रिकामं ताट न्यायला दार उघडलं की आमचे हेसुद्धा रोज तेच म्हणायचे."